टेलिफोनवाल्या सरांचा क्लास : साताऱ्यातल्या एका मास्तरणीचा अभिप्राय

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. केलं, सराव पाठ दिले, ढीगभर टाचणं काढली, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं रेटली आणि मग कायम झाले. तेव्हा शाहूपुरीतल्या ज्या अकरावी-बारावी सायन्सच्या क्लासात शिकवणाऱ्या तिघांपैकी एकाकडेही बी.एड. नाही, तिथे स्वतःच्या लेकीचं नाव घालताना माझ्या कपाळाला आठ्या पडणारच. फिजिक्सला टेलिफोन खात्यातून आलेले सर, केमिस्ट्रीला औषध कंपनीतून आलेले सर, मॅथ्सला आयटीतली नोकरी सोडून आलेल्या मॅडम. ‘हौशी कलाकारांचं संमेलन’ असं मी घरी म्हणालेही होते. लेकीची मैत्रीण तिथे जात होती, म्हणून लेकीला तिथेच जायचं होतं. बाकी कारण काही नाही.

आता तिची दोन्ही वर्षं तिथे पूर्ण होत आलीत. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण खाली कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत. त्या सगळ्या मी तिथे बसून तोंडावर सांगितलेल्या आहेत. ज्यांना खरंच जायचंय त्यांना शाहूपुरीत कुणीही जिना दाखवेल.

जिन्याचंच आधी सांगते. अरुंद आहे, खाली किराणा दुकान आहे, पावसाळ्यात छत्र्या ठेवायला जागा नाही. वर दोन खोल्या, एकीत बाकं, दुसरीत प्रयोगाचं सामान आणि मोठ्या सरांचं टेबल. इन्व्हर्टर आहे. पिण्याचं पाणी चांगलं आहे, पण स्वच्छतागृह मुलामुलींना मिळून एकच, हे मला अजूनही पटत नाही. बॅच तिसाची. तिन्ही विषयांची मिळून वर्षाची फी 45,000, तीन हप्त्यांत. पावती मिळते. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देऊ, असं प्रवेश अर्जावर छापलेलं आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने कोचिंग क्लाससाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत हे आहे, पण कागदावर लिहून देणारा क्लास मी गावात दुसरा पाहिला नाही. चौकात टॉपरच्या फोटोंचा फ्लेक्स नाही.

आता मुद्द्याचं. क्लास चालवतात ते ‘मोठे सर’. हे स्वतः ज्युनिअर कॉलेजात हयात घालवून निवृत्त झालेले, म्हणजे अस्सल मास्तर. हल्ली ते शिकवत नाहीत, शिकवणाऱ्यांना बघतात. त्यांना मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, ‘सर, गावात एम.एस्सी. बी.एड. झालेली पोरं नोकरीसाठी चपला झिजवताहेत, आणि तुम्ही टेलिफोनवाले आणि कंपनीवाले कशाला गोळा करता?’ ते हसले. म्हणाले, ‘बाई, माझ्याकडे दोन्ही प्रकारचे येतात. एकाला विषय कुठे लागतो ते ठाऊक नसतं, दुसऱ्याला वर्ग कसा लागतो ते ठाऊक नसतं. मला दुसरं शिकवता येतं, पहिलं नाही.’

उत्तर बिनतोड वाटलं तरी मी लगेच मान डोलावली नाही. अशी वाक्यं प्रत्येक क्लासवाला बोलतो. पण ते दुसरं शिकवतात कसं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र मी खुर्ची पुढे ओढली.

बाहेरून आलेल्या माणसाला ते पहिलं सत्र फळ्याजवळ फिरकू देत नाहीत. शेवटच्या बाकावर बसायचं, मुलांच्या वह्या तपासायच्या आणि रोज संध्याकाळी सांगायचं की आज कोणत्या मुलाला काय कळलं नाही. तपासणाऱ्याने ‘सगळ्यांना कळलं’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. या काळात अर्धा पगार मिळतो, फुकट राबवून घेत नाहीत. दुसऱ्या सत्रात अर्धा तास शिकवायला मिळतो, तोही एखादा भाग पुन्हा घ्यायचा असेल तेव्हा, आणि मागे मोठे सर बसलेले असतात. आमच्या डी.एड.च्या सराव पाठांना पाठनिरीक्षणाची वही असायची ना, तशीच वही त्यांच्या टेबलावर मी पाहिली. त्यात लाल शाईने लिहिलं होतं : ‘प्रश्न विचारला, उत्तर स्वतःच दिलं. चार वेळा.’ ही वही टेलिफोनवाल्या सरांची होती.

थोडं विषयांतर करते, पण ते इथेच बसतं. असे लोक शाळा-कॉलेजात का दिसत नाहीत? कारण दार बंद आहे. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि वर बी.एड., आणि बी.एड. आता दोन वर्षांचं. पन्नाशीला पोचलेला, घर चालवणारा माणूस दोन वर्षं कुठून काढणार? गंमत म्हणजे वरच्या मजल्यावर दार उघडलंय. यूजीसीने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी सोय केली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षं काम केलेल्या नामवंत माणसाला पीएच.डी. नसली तरी कॉलेज-विद्यापीठात शिकवता येतं, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत. म्हणजे एम.टेक.च्या पोरांना शिकवायला चालतो, बारावीच्या पोरांना चालत नाही. उलट आमच्याकडे बघा. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या आम्हा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची आहे. त्यामुळे सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लेकीचं फिजिक्स आणि दुसऱ्या बाजूला माझं बालमानसशास्त्र मांडलेलं असतं. क्लासच्या सरांना कुणी काही विचारत नाही आणि मला मात्र पुन्हा परीक्षा, हे मनात येत नाही असं नाही. येतं. पण त्याचा राग या लोकांवर काढण्यात अर्थ नाही.

टेलिफोनवाले सर. बीएसएनएलने 2019 च्या शेवटी स्वेच्छानिवृत्ती आणली, पन्नाशी पार केलेल्यांसाठी. 31 जानेवारी 2020 ला देशभरातले सुमारे 78 हजार कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले, त्यांतले हे एक. हाताशी पैसे आले आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. घरात बसून शेजारच्या मुलांना फिजिक्स सांगता सांगता इकडे आले. त्याआधीची उभी हयात एक्सचेंज, केबल आणि पावसात गेली. महाबळेश्वर, बामणोली, कोयनेकडची गावं. सी-डॉट या सरकारी संस्थेची छोटी 128 लाइनची एक्सचेंजं गावोगाव बसली, त्या काळात हे बॅटऱ्या घेऊन जीपमधून हिंडत होते.

क्लासात महिन्यातून एकदा पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. मी ‘करंट इलेक्ट्रिसिटी’च्या दिवशी बसले. व्हीटस्टन ब्रिज आणि मीटर ब्रिज, म्हणजे माहीत नसलेला रोध मोजायची जोडणी; मीटर ब्रिजमध्ये त्यासाठी बरोबर एक मीटरची तार ताणलेली असते. हा धडा बहुतेक ठिकाणी कसा होतो ते मला माहीत आहे : फळ्यावर चौकोन, चार रोध, मध्ये गॅल्व्हनोमीटर (प्रवाह दाखवणारा काटा), सूत्र, सूत्राची सिद्धता, दोन गणितं, पुढे चला.

इथे खोलीच्या भिंतीला, मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर, नायक्रोमच्या दोन बारीक तारा शेजारी शेजारी ताणलेल्या होत्या. फळ्यापासून निघून कोपऱ्यातून वळून मागच्या दारापर्यंत, प्रत्येकी 6 मीटर. पलीकडच्या टोकाला दोन्ही जोडलेल्या. सर म्हणाले, ‘ही समजा मेढ्याला जाणारी केबल. यातली एक तार चांगली आहे, दुसरी कुठेतरी जमिनीला लागलीय. पावसात असं होतंच. कुठे लागलीय ते शोधायचं. रस्ता खणायचा नाही. तुम्ही इथेच, एक्सचेंजमध्ये बसलाय.’ दोष कुठे आहे ते पोरांना दिसू नये म्हणून सबंध तारेवर खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली. त्या पट्टीखाली कुठेतरी एक चिमटा लावलेला होता आणि त्याची वायर खालून टेबलापर्यंत आणली होती. ही वायर म्हणजे ‘जमीन’.

मग तारांची अलीकडची दोन टोकं मीटर ब्रिजच्या दोन टोकांना जोडली. गॅल्व्हनोमीटर त्याच दोन टोकांमध्ये. सेलचं एक टोक जमिनीच्या वायरला, दुसरं जॉकीला, म्हणजे ब्रिजच्या तारेवर सरकवायच्या टोकाला. एका मुलीला बोलावलं आणि जॉकी हातात दिली. काटा डावीकडे, मग उजवीकडे, मग शून्यावर. बिघडलेल्या तारेच्या बाजूने मोजलं तर 30 सेंटीमीटर.

इथे सर थांबले. खडू खाली ठेवला आणि हाताची घडी घातली. वर्ग गप्प. माझ्यासारखीला हे थांबणं लगेच कळतं. सराव पाठात आम्हाला सर्वांत जड तेच जायचं, कारण मागे निरीक्षक बसलेले असताना दोन सेकंदांची शांतता दोन तासांसारखी वाटते आणि आपण घाबरून स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. सर नाही बोलले. शेवटी एक पोरगा पुटपुटला, ‘सगळी तार बारा मीटर… तिचे तीस टक्के?’ सर म्हणाले, ‘मोज की मग.’ बारा मीटरचे तीस टक्के म्हणजे 3.6 मीटर. टेप लावला, कागदाची पट्टी फाडली. चिमटा टेपच्या खुणेपासून चार बोटं सरकलेला निघाला, आणि मग चार बोटं का चुकलं यावर अर्धा तास गेला. जोडाचा रोध, टोकाची दुरुस्ती, तारेची जाडी सगळीकडे सारखी नसणं. ‘एंड करेक्शन’ ही पुस्तकातली दोन ओळींची बाब त्या दिवशी तीस मुलांनी भिंतीवर बघितली. खात्यात या चाचणीला मरे लूप म्हणतात आणि तिच्यावरून लाइनमन कुठे खड्डा खणायचा ते ठरवत, हे त्यांनी शेवटी, निघता निघता, एका वाक्यात सांगितलं. माझ्या मते त्यांच्या शिकवण्याची जात यात दिसते. आधी कोडं घातलं, नोकरीतली गोष्ट सांगितली ती नंतर.

सुरुवातीला हे उलटं होतं म्हणे. पहिल्या बॅचच्या एका पालकांनी मला सांगितलं की सर क्रॉसबार एक्सचेंजच्या आठवणी सांगण्यात पाऊण तास घालवायचे, मुलं खूश असायची आणि वहीत काही नसायचं. मोठ्या सरांनी त्यांना अट घातली : आठवण सांगायची असेल तर तिच्यातून मुलांना सोडवायला एक प्रश्न निघाला पाहिजे, नाहीतर ती आठवण चहाच्या वेळी. तेव्हापासून गोष्टींचे प्रश्न झाले. टेलिफोनच्या लाइनवर 48 व्होल्ट कसे येतात? 2 व्होल्टचे 24 सेल एका माळेत. मग बॅटरीचं धन टोक जमिनीला का जोडतात, ऋण का नाही? हा प्रश्न त्यांनी दिला आणि उत्तर सांगितलंच नाही, ‘केमिस्ट्रीच्या सरांना विचारा’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत त्याचं उत्तर आलं : तार जमिनीपेक्षा ऋण ठेवली की ओलीतून झिरपणारा प्रवाह जमिनीतून तारेत येतो, तांबं कॅथोड होतं आणि झिजत नाही. उलट जोडलं असतं तर तांबं विरघळत गेलं असतं. लेकीने हे घरी येऊन मला आणि तिच्या आजीला पुन्हा पुन्हा समजावलं. आजींनी शेवटी ‘बरं बाई, पटलं’ म्हणून सुटका करून घेतली.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. सरांचा उजेड पडतो तो त्यांच्या कामाने स्पर्श केलेल्या धड्यांवरच. करंट इलेक्ट्रिसिटी, कपॅसिटर, एसी सर्किट, सेमीकंडक्टर इथे त्यांना तोड नाही. रोटेशनल डायनॅमिक्स आणि थर्मोडायनॅमिक्स मात्र गाइड वाचून दाखवल्यासारखं होतं. एकाच माणसाचे हे दोन वर्ग आहेत यावर विश्वास बसणार नाही. लेकीच्या वहीतही ते दिसतं. एकीकडे समासात प्रश्नचिन्हं, बाण, ‘हे उलटं केलं तर?’, आणि दुसरीकडे चार पानं सलग उतरवलेली सिद्धता, खाडाखोडसुद्धा नाही. मी हे मोठ्या सरांना दाखवलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या दोन धड्यांसाठी त्यांच्या जुन्या कॉलेजातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलवायला सुरुवात केली आहे, पण ते रविवारीच येतात आणि तास कमी पडतात.

केमिस्ट्रीचे सर लोट्याच्या एमआयडीसीत औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, होते. मुलं त्यांना ‘लॅब सर’ म्हणतात. रात्रपाळीला कंटाळून सोडलं, एवढंच ते सांगतात. यांच्या तासाला व्हाइटनर आणायला बंदी. वहीत चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. पहिले काही दिवस मुलांना हा छळ वाटला. पण बारावीला प्रॅक्टिकलचे 30 गुण असतात आणि बऱ्याच ठिकाणी जर्नलं कशी भरली जातात ते पालक म्हणून आपण सगळेच जाणतो. एकाच्या वाचनावरून तिघांची वाचनं तयार होतात. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, ब्युरेटची (थेंब सोडायच्या खुणांच्या नळीची) तिन्ही वाचनं दशांशासकट तंतोतंत एकसारखी, असं एक पान लेकीने त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘कुणाच्या हाताने घेतली ही वाचनं? देवाच्या?’ आणि पुन्हा करायला लावलं.

त्या दिवशी तिला तीन गोष्टी कळल्या, ज्या पुस्तकात आहेत पण वाचून डोक्यात शिरत नाहीत. गडद जांभळ्या द्रावणाचा खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून वाचन वरच्या कडेने घ्यायचं. ऑक्झॅलिक आम्ल गरम करून घ्यावं लागतं. आणि पहिल्या काही थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, नंतरचे झटकन जातात, कारण तयार होणारं मँगनीज स्वतःच पुढची क्रिया वाढवतं. तिची नवी वाचनं एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती. सरांनी त्या पानावर ‘खरं’ असा शेरा मारला. ते पान तिने जपून ठेवलंय.

पण याच सरांबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. ते मुलांशी शिफ्टवर नव्याने आलेल्या ट्रेनीशी बोलावं तसं बोलतात. कंपनीत एका चुकीपायी सगळा माल फेकावा लागतो, त्यामुळे तिथे आवाज चढत असेल. सोळा वर्षांच्या पोरीला भर वर्गात ‘तुला कुणी पास केलं दहावीला?’ विचारायचं नसतं. ती मुलगी नंतर आठवडाभर आली नाही. माझी लेक नव्हती ती, तरी मी जाऊन बोलले. मोठ्या सरांनी ऐकून घेतलं, लॅब सरांनाही बोलावून घेतलं. लॅब सरांचं म्हणणं, ‘मी सगळ्यांनाच बोलतो.’ मी म्हटलं, ‘सर, सगळ्यांना बोलता म्हणून ते बरोबर होत नाही. आमच्या इथे पहिलीचं पोर सुद्धा चूक दाखवलेली सहन करतं, पण हसं झालेलं सहन करत नाही.’ त्यानंतर फरक पडला, पण पूर्ण नाही. आम्हाला प्रशिक्षणात बालमानसशास्त्र घोकवून घेतात, ते सगळंच फुकट नसतं, हे मला त्या दिवशी बरंच जाणवलं. हळव्या मुलाला इथे घालणार असाल तर आधी लॅब सरांच्या एका तासाला बसून या.

मॅथ्सच्या मॅडम हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. त्यांचं काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्यात चुका शोधणं, आणि तीच नजर त्या वर्गात घेऊन आल्या. प्रत्येक मुलाकडे एक वेगळी वही, ‘बग वही’. गणित चुकलं की नुसतं बरोबर उत्तर लिहायचं नाही. चुकीची जात लिहायची : चिन्ह चुकलं, उतरवताना चुकलं, सूत्र आठवलं नाही, प्रश्नच समजला नाही. महिन्याच्या शेवटी मोजायचं. लेकीला कायम वाटायचं की इंटिग्रेशन जमत नाही. बग वही काढली तर निम्म्याहून जास्त चुका चिन्हाच्या निघाल्या. म्हणजे इंटिग्रेशन येत होतं, घाई नडत होती. मी ही वही उचलून माझ्या चौथीच्या वर्गात नेली. हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलांमध्ये दोन वेगळे गट आहेत, एकाला हातचा घेताच येत नाही आणि दुसरा घेतलेला हातचा विसरतो, हे त्यामुळे मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. दोघांना एकच उजळणी देऊन भागत नाही. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी हे मांडलं तेव्हा केंद्रप्रमुखांनी विचारलं, कुठल्या प्रशिक्षणात मिळालं? काय सांगणार!

मॅडमचं शिकवणं मात्र वेगवान आहे. ‘हे तर दिसतंच आहे’ हे त्यांचं पालुपद, आणि मागच्या दोन बाकांना ते दिसत नसतं. शिवाय यंदा दिवाळीनंतर त्यांनी घरून करायचं कुठलंसं काम परत धरलं, त्यामुळे मॅथ्सचा तास सकाळी सहाला सरकला. साताऱ्याच्या थंडीत पहाटे पाचला उठून पोरांना सोडायला जाणाऱ्या पालकांनी काय काय म्हटलं असेल ते लिहीत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला परत जायची वाट मोकळी असते, ही जोखीम या सगळ्या प्रकारातच आहे. मास्तरकी हा ज्याचा एकुलता एक धंदा आहे तो पळून पळून कुठे पळणार? मोठ्या सरांनी यावर काढलेला तोडगा असा की आता वर्ष संपेपर्यंत वेळ बदलणार नाही, असं लिहून घेतात. बघू.

सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेचं, सांगायला हवं, कारण फोनवर सगळे आधी तेच विचारतात. इथली तयारी बोर्डासाठी उत्तम, सीईटीसाठी मध्यम, जेईईसाठी नाही. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत आणि मॅथ्सचे 50 प्रश्न पुन्हा 90 मिनिटांत, तेही कॉम्प्युटरवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे वेग हेच सगळं. टेलिफोनवाल्या सरांना एका प्रश्नावर अर्धा तास घालवायची सवय आणि क्लासचा सराव कागदावर. आम्ही वेगळी ऑनलाइन टेस्ट सिरीज लावली. तो खर्च 45,000 च्या वरचा धरा. ज्यांना दहावीनंतरच आयआयटी डोक्यात आहे त्यांनी जिना चढूच नये, मोठे सर स्वतःच परत पाठवतात.

शहरातला एक मोठा क्लासही आम्ही आधी बघितला होता. तिथेही ‘आमचे शिक्षक इंडस्ट्रीतून आलेले’ असं जाहिरातीत ठळक छापलेलं. डेमोला आलेले सर हुशार होते, बोलणं झकास. नंतर कळलं की ते दोन महिन्यांत गेले, त्यांच्या जागी आणखी एक आले. आल्या आल्या फळ्यासमोर उभे. त्यांना मागच्या बाकावर कुणीच बसवलं नव्हतं. त्यामुळे आता कुणी ‘अनुभवी लोक आहेत’ म्हटलं की मी एकच विचारते : तुमच्याकडे आल्यावर पहिले सहा महिने त्यांनी काय केलं?

या जूनपासून शाहूपुरीच्या क्लासात कॉमर्सची बॅच सुरू होतेय. अकाउंट्सला बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी घेतलेत. मी गेले तेव्हा ते शेवटच्या बाकावर बसून सायन्सच्या पोरांच्या मॅथ्सच्या वह्या तपासत होते आणि चेहऱ्यावरून फारसे खूश दिसत नव्हते. त्यांच्याबद्दल लिहायला अजून वर्ष आहे.

क्लास बघायला जाणार असाल तर मोठ्या सरांना आधी फोन करा, कोणत्या दिवशी कोणता धडा आहे ते विचारा. करंट इलेक्ट्रिसिटीच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्यांनाच क्लास आवडतो. रोटेशनल डायनॅमिक्स असेल त्या दिवशी जा, आणि स्वेटर न्या, मागच्या बाकाजवळची खिडकी लागत नाही.